तुम्ही विचारलंत म्हणून: के म्हणजे नेमकं कुठलं अंतर?

पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलं हटकून विचारतात: सेंट्रॉइडवर (आकृतीच्या क्षेत्रफळाच्या मध्यबिंदूवर) बोट ठेवता येतं, मग रेडियस ऑफ जायरेशन, म्हणजे के, आकृतीत दाखवायचा कुठे?

तिथे दाखवण्यासारखं काही नसतंच. सगळं क्षेत्रफळ अक्षापासून एकाच अंतरावर नेऊन ठेवलं आणि तरी मोमेंट ऑफ इनर्शिया (प्रत्येक तुकड्याचं क्षेत्रफळ गुणिले त्याच्या अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग, यांची बेरीज) तेवढाच राहिला, तर ते अंतर म्हणजे के. म्हणून आय (मोमेंट ऑफ इनर्शिया) भागिले ए (क्षेत्रफळ), आणि त्याचं वर्गमूळ. १०० मिमी रुंद, २०० मिमी उंच आयत घ्या. मधल्या आडव्या अक्षापासून क्षेत्रफळाचं सरासरी अंतर ५० मिमी, के मात्र ५७.७. अंतराचा वर्ग होतो, त्यामुळे लांबचा भाग जास्त मोजला जातो.

याचा उपयोग हातात धरून बघा. ३० सेंमी लांब, ३० मिमी रुंद, २ मिमी जाड पट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबा. ती जाडीच्याच दिशेने वाकते. तिकडे के फक्त ०.५८ मिमी, रुंदीकडे ८.६६. दाबाखालचा खांब नेहमी कमी के असलेली बाजू शोधतो, म्हणून गणितात सर्वात लहान के घ्यायचा. इथेच मार्क जातात. दुसरी चूक कॉलमच्या (खांबाच्या) लांबीला के ने भागताना, एककाची: स्टील टेबलमध्ये, म्हणजे स्टील सेक्शनच्या मापांच्या तक्त्यांत, के सेंटिमीटरमध्ये आणि लांबी मिलिमीटरमध्ये!

आता मला सर्वात सुंदर वाटणारा भाग. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये दोन चॅनेलचे (इंग्रजी C आकाराच्या स्टील सेक्शनचे) कॉलम दिसले की थांबून बघा. आयएसएमसी २००, म्हणजे २०० मिमी उंचीचं प्रमाणित चॅनेल, त्याचा एका दिशेला के ८.०३ सेंमी, दुसरीकडे जेमतेम २.२३. दोन चॅनेल पाठीला पाठ चिकटवले तरी कमजोर बाजू ३.११ वरच अडते. पण पाठींमध्ये सुमारे ११ सेंमी जागा सोडली, की दोन्ही दिशांचे के सारखे होतात. स्टील तेवढंच! हिशेब करताना के मध्ये अंतर मिळवू नका. के च्या वर्गात अंतराचा वर्ग मिळवायचा, मग वर्गमूळ. इथे चॅनेलच्या सेंट्रॉइडपासून दोघांच्या मधल्या अक्षापर्यंतचं अंतर ७.७१ सेंमी. २.२३ चा वर्ग अधिक ७.७१ चा वर्ग, म्हणजे साधारण ६४.४, आणि त्याचं वर्गमूळ ८.०३.

आणि मधल्या तिरक्या पट्ट्या, म्हणजे लेसिंग, विसरू नका. त्या नसतील तर दोन्ही चॅनेल सुटे वाकतात, आणि प्रत्येकाचा के परत २.२३.