तुम्ही विचारलंत म्हणून: आवळीभोजनाचा भात

दर कार्तिकात आमच्या गोव्यातल्या देवळाच्या आवारात आवळीभोजन, म्हणजे आवळीखालची पंगत, झाली की कुणी ना कुणी विचारतंच, "पन्नास माणसांचा भात चुलीवर, तरी तुमचा लागत कसा नाही? आमचा एका अंगाला करपतो, दुसऱ्या अंगाला कच्चा." पाठोपाठ तांदूळ कुठला, पाणी किती. वाऱ्याचं कुणीच विचारत नाही, आणि भात बिघडतो तो वाऱ्याने.

कार्तिकात सकाळचं वारं डोंगराकडून, पूर्वेकडून येतं. अकराच्या आसपास ते पडतं आणि मग समुद्राकडून सुटतं. चूल आठला मांडतात, म्हणून तिचं तोंड पूर्वेला. खतखतं (भाज्यांची मिसळ), तोणाक (रस्सा) तोवर होऊन जातं. भात गरम वाढायचा म्हणून शेवटी चढतो, नेमका वारं फिरायच्या वेळी.

आधण येतं, तांदूळ पडतात, आणि मागून वारं शिरतं. जाळ टोपाखालून सरकून तोंडाबाहेर येतो. त्या अंगाला पाणी खदखदतं, मागच्या अंगाला नुसती वाफ. चुलीशी बसलेला घाबरून आणखी लाकडं सारतो. तो जाळही बाहेरच. मग कुणीतरी उलथनं घालून ढवळतं. अर्धवट शिजलेलं शीत मोडतं, त्याचं पीठ तळाशी बसतं आणि तेच आधी करपतं. इथून पुढे कुठलंही माप भाताला वाचवत नाही.

म्हणून चूल दोन तोंडांची मांडा. चार कोरडे चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, दोन-दोन समांतर, पुढे-मागे मोकळं, टोपाचा तळ जमिनीपासून वीतभर वर. पाचव्या चिऱ्याने सकाळी पश्चिमेचं तोंड अर्धं झाकायचं. धूर सरळ वर चढू लागला की वारं पडलं समजा. तेव्हाच तो चिरा ओल्या गोणपाटाने धरून पूर्वेच्या तोंडाला लावा आणि लाकडं पश्चिमेकडून सारा. हे तांदूळ टाकायच्या आधी व्हायला हवं. चिरे नाहीत म्हणून नदीतले गोटे आणू नका. आत मुरलेलं पाणी तापलं की ते फुटून कपच्या उडतात.

लाकूड वाळलेलं, मनगटाएवढं. करवंट्या आधण येईपर्यंतच. त्यांचा जाळ भडकतो, आवरत नाही.

आता मापं. पन्नास जणांना सहा किलो सुरय, म्हणजे न उकडलेला तांदूळ, दोन टोपांत अर्धा-अर्धा, चौपट पाणी. शीत बोटाने दाबलं की मधे बारीक कणी लागते, तेव्हाच पेज गाळायची. मग वर केळीचं पान, त्यावर झाकण, खाली फक्त निखारे. पानामुळे धूर आत जात नाही.

पूर्वी मी हट्टाने म्हणत असे की आटवलेलाच भात खरा, गाळला की चव पेजेबरोबर जाते. चवीचं आजही मान्य आहे. पण आटवायला शेवटची दहा मिनिटं अगदी मंद, एकसारखा जाळ लागतो आणि उघड्यावर तो हातात नसतो. वारं शांत असलं की अजून मोह होतो. उकडा, म्हणजे भातासकट आधीच उकडून मग सडलेला तांदूळ, घेतला तर एवढी धास्तीच नको, त्याचं शीत सहज मोडत नाही. पण देवळाच्या पंगतीत उकडा वाढायचा का, यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो आणि मला दोन्ही बाजू पटतात.

"मग किनाऱ्यावरच करू, मोकळी जागा," असंही सुचवतात. पर्यटनस्थळी उघड्यावर रांधायला 2019 पासून कायद्याने बंदी आहे, दंड होतो. रानातही फेब्रुवारीनंतर चूल नको. मार्च 2023मध्ये म्हादई अभयारण्य पेटलं तेव्हा वाळलेला पाला काय करतो ते सगळ्या गोव्याने पाहिलं.

आवारातली चूलसुद्धा तांब्याभर पाणी ओतून सोडू नका. आधी चिरे बाजूला करा, तापलेल्या चिऱ्यावर पाणी पडलं की तो तडकतो. मग निखाऱ्यांवर पाणी, काठीने राख ढवळायची, पुन्हा पाणी, उलटा हात जवळ धरून ऊब लागत नाही तोवर. चिरे निवले की देवळाच्या मागे होते तिथे नेऊन रचा, पुढच्या रविवारी ते दुसऱ्या कुळाला लागतात.