टेकडीवर जाऊन डिप्रेशन गेलं का?

लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत आणि गेल्या आठवड्यात तर दूधकेंद्राच्या रांगेत, मला हाच प्रश्न येतो: "त्या टेकडीवरच्या ग्रुपमुळे तुमचं डिप्रेशन खरंच गेलं का हो?" विचारणाऱ्याच्या घरात कुणीतरी पडून आहे, हे आता मला आवाजावरून कळतं. म्हणून उत्तर टाळत नाही.

नुसत्या टेकडीने गेलं नाही. गोळ्या चालू होत्या, त्यातली एक अजून चालू आहे. ती कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. समुपदेशन चालू होतं. टेकडी तिसरी. पण तिसरी म्हणजे किरकोळ नव्हे.

मी पुण्यात, वेताळ टेकडीपासून चालत दहा मिनिटांवर राहते. आजारपणात प्रत्येकाने सांगितलं, "जरा फिरायला जात जा, बरं वाटेल." जशी काही टेकडी मला माहीतच नव्हती! मला ठरत नव्हतं ते हे, की उठल्यावर आधी दात घासायचे की आधी ओढणी शोधायची. हसू नका. तेवढं ठरेपर्यंत अकरा वाजायचे, आणि मग ऊन झालं म्हणून पुन्हा आडवं व्हायचं.

माझ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी टेकडीवरचा हा गट सुचवला. आठ जण, दहा शनिवार, सकाळी सात, बरोबर एक मानसशास्त्रज्ञ. गटातल्याच एका मुलीकडे काम दिलं होतं, साडेसहाला मला फोन करायचं. ती "येताय ना?" असं कधीच विचारायची नाही. "ताई, कॅन भरला का?" एवढंच. येताय का म्हणाली असती तर मी नाहीच म्हटलं असतं. कॅन भरायला मात्र नळ सोडायचा असतो फक्त. आणि भरलेला कॅन घरात ठेवून काय करणार?

कॅन कशासाठी, तर पावसाळ्यात टेकडीवर लावलेली रोपं उन्हाळ्यात पाण्यावाचून जातात. टेकडीप्रेमी माणसं बाटल्या, कॅन घेऊन वर चढतात, तेच आम्ही करायचो. प्रत्येकी पाच लिटर, प्रत्येकाचं एक रोप. माझा बहावा होता, गुडघ्याएवढा, सहा पानांचा.

चौथ्या शनिवारी मी सगळा कॅन एकदम उपडा केला. आळ्यातली माती उन्हाने पापडासारखी झाली होती. पाणी तिच्यावरून घसरलं, आळ्याच्या फुटक्या कडेने बाहेर पडलं आणि मुरुमावरून खाली निघून गेलं. मी तिथेच बसून रडायला लागले. पाच लिटर पाण्यासाठी. कुणी पाठ थोपटायला आलं नाही, बरं झालं. गटात एक निवृत्त गृहस्थ होते, तीन शनिवार आम्ही त्यांचा आवाज ऐकला नव्हता. ते आपला कॅन घेऊन आले, काटकीने माती उकरली, कड नीट केली, बूच अर्धंच फिरवलं आणि बारीक धार धरली. "आधी भिजवायचं," म्हणाले, "मग पाजायचं." (यात कृपया गूढ अर्थ शोधू नका. ते कृषी खात्यात होते.)

खोलीत बसून होणाऱ्या गटोपचारातही मी जाऊन आले आहे. गोल खुर्च्या, मधे टिश्यूचा डबा, सगळ्यांचे डोळे आपल्यावर. पायवाटेवर माणसं एकामागे एक चालतात. पुढच्याच्या पाठीला सांगणं फार सोपं असतं. दम लागला की गप्प बसायला कारणही मिळतं. माझ्या घरी वर्षभर जे कळलं नव्हतं, ते मी एका चेक्सच्या शर्टाला सांगितलं.

"पण याला शास्त्रीय आधार काय?" पुण्यात हे विचारलं जाणारच. २०१५ मध्ये अमेरिकेत, स्टॅनफर्डला, ३८ जणांवर एक प्रयोग झाला. काहींना ९० मिनिटं झाडा-गवतातून चालवलं, काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. झाडांतून गेलेल्यांचं तेच ते उगाळत बसणं थोडं कमी झालं. व्हॉट्सॲपवर याचं 'जंगल हेच औषध' झालं, पण ती माणसं निरोगी होती, हे कुणी पुढे पाठवत नाही.

मला जास्त पटतो तो गोव्यातला अभ्यास. तिथे झाडं नव्हती, प्राथमिक आरोग्य केंद्रं होती. 'संगाथ' संस्थेने, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून, तीव्र नैराश्य असलेल्यांना सहा ते आठ भेटी दिल्या. उत्साहाची वाट न बघता छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करायची, हा त्या भेटींचा गाभा. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले: तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के नैराश्यातून बरेच बाहेर आले होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. माझा कॅन त्याच जातीचा. टेकडीमुळे तो कुठे न्यायचा ते ठरलं, एवढंच.

सगळ्यांना जमलं असंही नाही. दोघी मधेच थांबल्या. एकीला चढावर छाती धडधडली की पॅनिक अटॅकच आला असं वाटायचं. तिला घराजवळची सपाट बागच बरी होती, आमच्या उशिरा लक्षात आलं. आणि मार्च-एप्रिलमध्ये वर काही रम्य वगैरे नसतं. वाळलेलं गवत, गिरिपुष्पाच्या काटक्या, दारूच्या फुटक्या बाटल्या आणि आपल्यापेक्षा मोठ्याने भांडणारे सातभाई.

घरातलं माणूस मरणाची भाषा बोलत असेल, तर टेकडी राहू द्या. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, नाहीतर १४४१६ ला, टेलिमानसला, फोन लावा. मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.

बहाव्याचं म्हणाल तर पाऊस येईपर्यंत टिकला होता. मग गवत कमरेइतकं वाढलं आणि मला तो सापडलाच नाही.

दूधकेंद्रावरच्या बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं, पिशव्या या हातातून त्या हातात केल्या आणि म्हणाल्या, "मुलगा आहे माझा. डॉक्टरांची औषधं चालू आहेत. पण फिरायला चल म्हटलं की भिंतीकडे तोंड करतो."

"मग म्हणू नका," मी म्हटलं. "त्याच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि घरात पाच लिटरचा कॅन आहे का ते बघा. शनिवारी साडेसहाला मी फोन करते त्याला."