ड्रॉपर

रिपोर्टात सगळं नॉर्मल होतं, एक ओळ सोडून : ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’. साठीच्या आसपास टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केलेल्या कितीतरी जणांच्या फायलीत ही ओळ असते. आमच्या कट्ट्यावर तर ती आता मोतीबिंदूच्या पंगतीला बसली आहे. डॉक्टर “वयानं होतं हो” म्हणाले आणि फाइल मिटली. पण ‘डिसफंक्शन’ हा शब्द रात्री दोन वाजता फार मोठा दिसतो.

हृदय पिळतं आणि रक्त ढकलतं, एवढंच मला ठाऊक. माझं पिळणं तर झकास होतं, दर ठोक्याला कप्प्यातलं ६० टक्के रक्त बाहेर. तक्रार होती ती सैल पडण्याबद्दल.

शाळेतला शाईचा ड्रॉपर आठवला. दाबला की नुसती हवा जायची. शाई वर चढायची ती बोट सोडल्यावर. रबर नवं असलं की सर्रकन. वर्षा-दोन वर्षांत ते कडक व्हायचं, दाबलं की चेपलेलंच राहायचं आणि शाई निबपेक्षा बोटांनाच जास्त लागायची. हृदयाचा डावा खालचा कप्पा असाच. आकुंचनात बसलेला पीळ उलगडतो आणि त्या ओढीनं रक्त आत येतं. तरुणपणी बहुतेक भरणं या पहिल्या झटक्यातच उरकतं; वरचा कप्पा शेवटी जराशी भर घालतो. वय झालं की पहिला झटका मंदावतो आणि वरच्याला जोर लावावा लागतो. एकोच्या पडद्यावर याचे दोन उंचवटे दिसतात. तरुणांचा पहिला उंच, माझा दुसरा.

खरी गंमत पुढे. आमचे नाना, वय ७२, पस्तीस वर्षं रोज पहाटे पर्वती चढतात. त्यांच्या रिपोर्टातही हीच ओळ! नाना दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मग मीच वाचत बसलो. अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी आयुष्यभर धावलेल्या म्हाताऱ्यांच्या हृदयात नळी घालून दाब मोजले. निष्कर्ष २००४ साली आले. त्यांची हृदयं बैठ्या तरुणांइतकीच सहज ताणली जात होती. बैठ्या म्हाताऱ्यांची ताठरली होती. सैल पडण्याचा वेग मात्र वयाबरोबर व्यायाम करणाऱ्यांचाही घटतो, आणि रिपोर्टातली ती ओळ मुख्यतः एवढंच सांगते. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे उठतं उशिरा, पण उठल्यावर आळस नीट देतं!” यापेक्षा चांगलं मला तरी सांगता आलं नसतं.

माझं काय? पासष्टीपुढच्या बैठ्या मंडळींनी वर्षभर व्यायाम केला, तेव्हा दमसास वाढला, पण ताठरपणा तसाच राहिला. ४५ ते ६४ वयाच्यांनी दोन वर्षं केला, तेव्हा मात्र तो साधारण पाव हिश्श्यानं उतरला. हा २०१८ चा अभ्यास. मला अठ्ठावन्न चालू आहे. स्टँडवरून सुटता सुटता एसटी सापडावी तसं झालं. अट मात्र कडक : आठवड्याचे चार-पाच दिवस, आणि त्यातही अधूनमधून चार मिनिटं धाप लागेल इतका जोर, तीन मिनिटं दमानं, असं चारदा.

सोमवारी नानांबरोबर पर्वतीवर गेलो. माझी पहिली चार मिनिटं अर्ध्या पायऱ्यांवरच संपली. नाना वर कठड्याला टेकून घड्याळ बघत होते.