गेटचा शिक्का आणि फॉर्म बी : माझा अनुभव

शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आहे. बावीस माणसं, एक इंडक्शन फर्नेस आणि उघडायची भीती वाटावी असं लाईट बिल. आमचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे पुण्याजवळचा पंपाचा कारखाना. नाव सांगत नाही, कारण तिथलं निम्मं तरी जग अजून माझ्या ओळखीचं आहे. नऊ वर्षं त्यांना पंपाची बॉडी आणि इंपेलरची कास्टिंग पुरवली. २०२१ च्या दिवाळीनंतर पैसे लांबायला लागले. आधी साठ दिवस, मग नव्वद, मग "साहेब मीटिंगमध्ये आहेत". आम्हीही नऊ वर्षांच्या भिडेपायी माल पाठवत राहिलो. ऑगस्ट २०२२ मध्ये माल थांबवला तेव्हा येणं होतं ३८ लाख ६४ हजार २०० रुपये.

दिवाळखोरीचा नवा कायदा आलाय, नोटीस गेली की कंपन्या धावत येऊन पैसे देतात, असं ऐकून होतो. वकिलांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, "ते दिवस गेले. २०१६ साली कायदा आला तेव्हा लाखभर थकलं तरी पुरवठादाराला एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात, जाता यायचं. २४ मार्च २०२० ला, कोविडच्या तोंडावर, ती मर्यादा एक कोटी केली. तुमचे अडतीस लाख म्हणजे पायरीवरसुद्धा उभं करणार नाहीत." मग आम्ही तिघेचौघे पुरवठादार मिळून कोटी करतो, म्हटलं. तर पुरवठादारांना तसा एकत्र अर्जही करता येत नाही. बँकांना येतो.

राहिला लघुउद्योगांचा रस्ता. उद्यम नोंदणी होतीच. २००६ च्या एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवले तर बँक दराच्या तिप्पट, तेही महिन्याच्या चक्रवाढीने व्याज आहे. त्यासाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज टाकला. सोबत चार लाखांचा एक चेक परत आला होता, त्याची १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची, केस घातली. आता येतील ताळ्यावर, असं वाटलं.

आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्या बँकेनेच कंपनीला एनसीएलटीत ओढलं.

मला ते कळलं एकोणिसाव्या दिवशी, व्हेंडर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. कुणीतरी पेपरच्या कात्रणाचा फोटो टाकला होता. कंपनीकडे ज्यांचं येणं आहे त्यांनी दावे दाखल करावेत, अशी ही जाहिरात एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेच्या पेपरात येते, पण कंपनीचं कार्यालय जिथे असतं तिथल्या. आमच्या कोल्हापूरच्या आवृत्तीत ती कशाला येतेय? दावा दाखल करायची मुदत चौदा दिवसांची, म्हणजे संपलेली. त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी वकिलांनी सांगितलं की उशीर झाला तरी प्रक्रिया सुरू झाल्यापासून नव्वद दिवसांपर्यंत दावा घेतात. तेव्हा कुठे चहा प्यालो.

त्यांनी आणखी एक सांगितलं. एनसीएलटीचा आदेश निघाला त्या दिवसापासून कंपनीविरुद्धच्या दाव्यांना आणि वसुलीला स्थगिती लागते. समाधानचा अर्ज तिथेच थिजला. चेकची केस कंपनीविरुद्ध थांबली, मात्र चेकवर सही करणाऱ्या संचालकांविरुद्ध ती चालू राहते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्येच तसं सांगून ठेवलंय. ती केस अजून चालू आहे. तारखेला जाऊन येतो.

दावा दाखल करायला एक पैसाही फी नाही, हे मात्र आवर्जून सांगतो, कारण आमच्या ग्रुपवर "दोन टक्क्यांत करून देतो" म्हणणारे दोन जण लगेच उगवले होते. बँकांसाठी फॉर्म सी, कामगारांसाठी डी, आमच्यासारख्यांसाठी फॉर्म बी. भरायचा आणि आरपीला, म्हणजे प्रक्रियेत कंपनी सांभाळणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलला, ईमेल करायचा. फॉर्म चार पानांचा. त्याच्यामागे जोडायचे कागद हाच खरा खेळ.

हिशेबनीस काका आणि मी दोन रात्री बसलो. प्रत्येक बिलाला पीओ (खरेदीची ऑर्डर), चलन, ई-वे बिल, जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातली नोंद. चलनाची गुलाबी प्रत आमच्याकडे परत येते, तिच्यावर त्यांच्या गेटचा निळा गोल शिक्का आणि पेनाने लिहिलेला इनवर्ड नंबर असतो. आमचा ड्रायव्हर नऊ वर्षं ती प्रत सीटच्या मागे खोचून आणायचा. काही प्रतींवर ऑइलचे बोट, काहींवर पान खाल्लेल्याची खूण. काका एकेक प्रत ट्यूबलाइटखाली धरायचे आणि "आहे शिक्का" म्हणायचे. सात प्रतींवर नव्हता. रात्रपाळीचा वॉचमन जागेवर नसला की गाडी तशीच आत जायची आणि ड्रायव्हर कुणाची तरी सही घेऊन यायचा. ती सही कुणाची, हे आता देवालाच माहीत.

आरपीची मेल आली. व्याज नामंजूर, कारण समाधानचे अर्ज जिच्याकडे जातात त्या परिषदेचा निवाडा नाही. शिक्का नसलेल्या सात बिलांचे ३ लाख १२ हजार ४०० नामंजूर, कारण माल पोचल्याचा पुरावा नाही. मंजूर ३५ लाख ५१ हजार ८००. मी भडकलोच. पण त्या माणसाला शिव्या देण्यात अर्थ नव्हता. त्याने कंपनी कालपरवा हातात घेतलेली, जुने अकाउंटंट सोडून गेलेले, कॉम्प्युटरमध्ये जे दिसतं तेच त्याला दिसणार. मी ट्रान्सपोर्टवाल्याच्या लॉरी रिसीट शोधल्या आणि त्यांच्याच क्वालिटी खात्याने त्या मालाबद्दल पाठवलेल्या तक्रारीच्या दोन मेल काढल्या. माल पोचलाच नसेल तर त्यात ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेली भोकं, कुणी बघितले? १ लाख ९४ हजार ७०० आणखी मंजूर झाले. एकूण ३७ लाख ४६ हजार ५००. रिजेक्शनच्या तक्रारीने माझे पैसे वाचवले, असं आयुष्यात एकदाच घडलं.

मग जानेवारीत आरपीच्या माणसाचा फोन. "कास्टिंग हवीत. कारखाना चालू ठेवायचाय." मी म्हटलं, आधी जुनं द्या. तो शांतपणे म्हणाला, "जुनं मला कायद्याने देताच येत नाही. नवीन मालाचे पैसे मात्र प्रक्रियेचा खर्च धरतात. ते सगळ्यांच्या आधी आणि पूर्ण मिळतात." माझा विश्वास बसेना. वकिलांनी दुजोरा दिला. कारखाना विकला जाऊ दे नाहीतर मोडीत निघू दे, प्रक्रियेचा खर्च बँकेच्याही आधी फेडावा लागतो.

गंमत अशी की त्यांचे पॅटर्न, म्हणजे ज्यांच्यावरून ओतकामाचे साचे करतात ते नमुने, आमच्याच रॅकवर पडून होते, चौतीस नग. ग्रुपवर काहींचं म्हणणं होतं, "पॅटर्न अडवून धर भावा, झक मारत पैसे देतील." वकील म्हणाले, तो नाद करू नकोस. स्थगितीत आपल्या हाताने वसुली चालत नाही, आणि पॅटर्न ही त्यांची मालमत्ता. पण हाच नियम उलटाही लागू होतो. आमचे सेहेचाळीस लोखंडी बिन त्यांच्या आवारात होते, रिटर्नेबल चलनावर गेलेले. दुसऱ्याची वस्तू कंपनीच्या ताब्यात असली म्हणून ती कंपनीची होत नाही. चलनं दाखवली, एकेचाळीस बिन परत आले. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली सात दिवसांत, या बोलीवर मी माल सुरू केला. पुढच्या दहा-अकरा महिन्यांत एकवीसेक लाखांचा माल गेला आणि एकही बिल थकलं नाही. नऊ वर्षांत ती कंपनी इतकी वेळेवर कधी वागली नव्हती.

कंपनीचं पुढे काय करायचं ते धनकोंची समिती ठरवते, आणि तिच्यात मत फक्त कर्ज देणाऱ्यांना. पुरवठादारांचं येणं एकूण कर्जाच्या दहा टक्के किंवा जास्त असलं तर आमचा एक प्रतिनिधी बसू शकतो, ऐकायला. आमचं होतं. भोसरीचा एक पेंटवाला बसला. मीटिंग ऑनलाइन. पहिल्या मीटिंगनंतर त्याने ग्रुपवर लिहिलं, "लग्नाला बोलावलंय, पण पान वाढलेलं नाही."

ताट एकसारखं वाढावं, हा प्रयत्न एकदा झाला होता. एस्सार स्टीलच्या दिवाळखोरीच्या प्रकरणात जुलै २०१९ मध्ये दिल्लीच्या अपीलीय न्यायाधिकरणाने बँका आणि पुरवठादार यांना सारख्याच प्रमाणात पैसे द्या म्हटलं होतं. १५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. तारण असलेला आणि नसलेला धनको सारखा नाही, आणि कुणाला किती द्यायचं हा समितीचा व्यापारी निर्णय. मी बँकेत उभा राहिलो असतो तर हेच म्हटलं असतं, हे कबूल करतो. पण मी शिरोलीत उभा होतो.

२०२४ च्या पावसाळ्यानंतर कारखाना कुणी घ्यायचा आणि कुणाला किती द्यायचं, याची योजना मंजूर झाली. कारखाना मोडीत निघाला असता तर आमच्या वाट्याला शून्य होतं, आणि कायदा पुरवठादाराला त्याच्याहून जास्तीची हमी देत नाही. घेणाऱ्याने चार टक्के दिले. १ लाख ४९ हजार ८६० रुपये. नियमाप्रमाणे ते बँकांच्या आधी आले, हा मान. त्या ३८ लाखांच्या बिलांमध्ये सुमारे ५ लाख ८९ हजार निव्वळ जीएसटी होता, तो मी सरकारला कधीच भरलेला. बिल बुडालं म्हणून जीएसटी परत मिळत नाही. काकांनी ही बेरीज मला वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने करून दाखवली आणि वही मिटली.

तरी मी सुदैवी. ग्रुपमधल्या एका पॅकिंगवाल्याने "कशाला त्या भानगडीत" म्हणून दावाच केला नव्हता. योजना मंजूर झाल्यावर तो नव्या मालकाकडे बिलं घेऊन गेला. योजनेत नसलेलं जुनं देणं संपलं, हे एप्रिल २०२१ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पक्कं आहे. त्याला चहा मिळाला.

पैसे आल्यावर चार महिन्यांनी, २ मे २०२५ ला, दिवाळखोरीत गेलेल्या भूषण पॉवर या पोलाद कंपनीची बातमी वाचली. ती कंपनी घेणाऱ्या जेएसडब्ल्यूची २०१९ साली मंजूर झालेली, पैसेही वाटून झालेली योजना सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. मी लगेच वकिलांना फोन लावला, "आमचे दीड लाख परत मागतील काय हो?" ते बराच वेळ हसत होते. ३१ जुलैला न्यायालयाने तो निकाल मागे घेतला आणि २६ सप्टेंबरला योजना कायम केली. मी तोवर ते पैसे मुदत ठेवीत ठेवले होते. उगाच हात लावायला नको म्हणून.

नवा मालक माल घेतो. त्यांच्या खरेदीवाल्याने पहिली पीओ नव्वद दिवसांची पाठवली. मी परत केली. पंचेचाळीसवर आला. आता ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, गेटवरनं निघायच्या आधी चलनाच्या प्रतीचा फोटो पाठवायचा. परवा रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. "मालक, शिक्का नीट उठला नाही, शाई संपलीय म्हणतोय वॉचमन."

म्हटलं, थांब तिथंच. शाई मिळेपर्यंत गाडी हलवू नको.