तुम्ही विचारलंत म्हणून: दोन बातमीदारांनी अध्यक्ष पाडला का?

पत्रकारितेच्या वर्गावर शिकवायला गेले की हा प्रश्न येतोच. लग्नकार्यात कुणी ओळख करून दिली की तिथेही येतो. "मॅडम, अमेरिकेत दोन बातमीदारांनी राष्ट्राध्यक्षाला घरी बसवलं. आपल्याकडे असं का होत नाही?" विचारणाऱ्याच्या मनात 'वॉशिंग्टन पोस्ट'चे बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन असतात, रिचर्ड निक्सन यांचं अध्यक्षपद ज्यात गेलं ते वॉटरगेट प्रकरण असतं, आणि आपल्या बातमीदारांबद्दलची निराशाही असते. ती निराशा मला लागते. माझी सगळी नोकरी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर गेली, परदेशी बातम्या लावण्यात आणि मथळे देण्यात. निक्सन सरकार आणि अमेरिकेतली वृत्तपत्रं यांच्याबद्दल मिळेल ते वाचत आले. तेव्हा एकदा नीट उत्तर देते.

त्या दोघांनी निक्सन यांना पाडलं नाही. त्यांनी एक बातमी मरू दिली नाही, आणि ती पुढे न्यायाधीशाच्या टेबलावर, सिनेटच्या समितीपुढे, शेवटी सर्वोच्च न्यायालयात पोचली. हे समजायचं तर निक्सन यांच्या माणसांनी पत्रकारांशी काय काय केलं ते आधी बघावं लागतं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे.

रिचर्ड निक्सन यांचा पत्रकारांवरचा राग जुना होता. 1962 मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरल्यावर त्यांनी लॉस एंजेलिसच्या हॉटेलात जमलेल्या बातमीदारांना सुनावलं होतं की, आता लाथाडायला तुम्हाला निक्सन मिळणार नाही, ही माझी शेवटची पत्रकार परिषद. सहा वर्षांनी हाच माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. प्रवक्ता म्हणून त्यांनी नेमले रॉन झीग्लर. वय 29, पूर्वी जाहिरात कंपनीत कामाला. वृत्तपत्राचा अनुभव नव्हता. रोज सकाळी निक्सन यांच्या टेबलावर देशभरच्या वृत्तपत्रांचा आणि टीव्हीचा टाइप केलेला गोषवारा यायचा. त्याच्या समासात ते शेरे मारायचे: याला उत्तर द्या, याला भेट देऊ नका. पत्रकार परिषदा मात्र कमी. फ्रँकलिन रूझवेल्ट आठवड्यातून दोनदा बातमीदारांना खोलीत बोलवायचे. निक्सन यांच्या साडेपाच वर्षांच्या कारकिर्दीत सगळ्या मिळून चाळीसच्या आसपास झाल्या.

पण राग आणि अबोला यांवरून सरकार जोखू नका, असं मी वर्गात नेहमी सांगते. चिडलेला अध्यक्ष बातमीदाराला चालतो. चिडलेल्या माणसाच्या तोंडून काहीतरी निसटतं. खरी भीती बोलण्याच्या मागे जे चालतं त्याची असते.

मे 1969. अध्यक्ष होऊन चार महिने झाले नव्हते. कंबोडियावर अमेरिका गुपचूप बाँब टाकत असल्याची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आली आणि फोन चोरून ऐकणं सुरू झालं. पुढल्या दोन वर्षांत 17 जणांचे फोन न्यायालयाच्या परवानगीशिवाय ऐकले गेले. त्यातले 13 सरकारी अधिकारी होते आणि 4 पत्रकार. हा आकडा नीट पाहा. बातमीदारापेक्षा बातमी देणाऱ्याचा शोध जास्त होता. बातमीदाराला धमकावून फार तर एक बातमी थांबते. त्याच्याशी बोलणारा कारकून किंवा उपसचिव घाबरला की पुढच्या सगळ्याच बातम्या थांबतात.

त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी आयोवातल्या डे मॉइन इथे टीव्हीच्या वृत्तविभागांवर तोफ डागली. मूठभर माणसं देशाला काय दाखवायचं ते ठरवतात, असा त्यांचा आरोप होता. भाषण निक्सन यांचे भाषणलेखक पॅट ब्युकॅनन यांनी लिहून दिलं होतं. तिन्ही वाहिन्यांनी ते थेट दाखवलं. आरोपात अगदीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही; न्यूयॉर्कच्या दोनचार इमारतींमधून साऱ्या देशाच्या बातम्या ठरत होत्या हे खरंच होतं. पण त्याच भाषणात त्यांनी आठवण करून दिली की ही मक्तेदारी सरकारी परवान्यावर चालते. त्याच सुमारास, परवाने देणाऱ्या आयोगाच्या अध्यक्षांनी, निक्सन यांच्या व्हिएतनामवरच्या भाषणानंतर कुठल्या वाहिनीवर कोण काय बोललं त्याचा मजकूर स्वतः फोन करून मागवला होता. फोनवर धमकी द्यायची गरज नव्हती. परवान्याची मुदत तीन वर्षांची होती आणि ती कधी संपते हे प्रत्येक मालकाला ठाऊक होतं.

'पेंटॅगॉन पेपर्स'चं प्रकरण तुम्हाला माहीत असेल. व्हिएतनाम युद्धाचा 7,000 पानांचा गुप्त सरकारी इतिहास संरक्षण खात्यासाठी काम केलेले विश्लेषक डॅनियल एल्सबर्ग यांनी बाहेर काढला आणि 13 जून 1971 पासून 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो छापायला घेतला. सरकारने मनाई हुकूम आणला. मग 'पोस्ट'ने छापायला सुरुवात केली, त्यांच्यावरही दावा झाला. खटला पहिल्यांदा ज्यांच्यापुढे आला ते न्यायाधीश मरे गरफीन यांना निक्सन यांनी नुकतंच नेमलं होतं. त्यांनी सरकारच्या विरोधात निकाल दिला आणि लिहिलं की भांडखोर, हट्टी, सगळीकडे नाक खुपसणारी वृत्तपत्रं सत्तेवरच्या माणसांनी सोसलीच पाहिजेत. माझ्या लेखी हे वाक्य साऱ्या वॉटरगेटपेक्षा मोठं आहे. 30 जूनला सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी वृत्तपत्रांना मोकळीक दिली.

न्यायालयात हरल्यावर निक्सन यांच्या माणसांनी दुसरी वाट धरली. गळती थांबवणारे म्हणून त्यांच्या एका टोळीला 'प्लंबर' म्हणत. सप्टेंबर 1971 मध्ये या टोळीने एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचं ऑफिस फोडलं. त्याआधी ऑगस्टमध्ये अध्यक्षांचे कायदेशीर सल्लागार जॉन डीन यांनी एक टिपण लिहिलं होतं. सरकारी यंत्रणा वापरून आपल्या राजकीय शत्रूंना कसं छळता येईल, हा त्याचा विषय. शत्रूंच्या याद्या होत्या, त्यांत पत्रकार होते. 1973 मध्ये यादी उघड झाली तेव्हा 'सीबीएस' वाहिनीचे डॅनियल शोर ती थेट प्रक्षेपणात वाचत होते, आणि वाचता वाचता सतराव्या क्रमांकावर त्यांना स्वतःचंच नाव दिसलं.

इथे आपल्याशी संबंध असलेली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण विद्यार्थ्यांना ती बहुधा ठाऊक नसते. डिसेंबर 1971 मध्ये आपलं पाकिस्तानशी युद्ध चालू असताना निक्सन सरकार जगाला सांगत होतं की आम्ही तटस्थ आहोत. स्तंभलेखक जॅक अँडरसन यांनी बंद दाराआडच्या बैठकांची इतिवृत्तं मिळवली आणि छापली. त्यांत निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर सांगत होते की, आपण भारताशी पुरेसं कठोर वागत नाही म्हणून अध्यक्ष दर अर्ध्या तासाने माझी खरडपट्टी काढताहेत. अँडरसन यांना 1972 चं पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. सरकारने काय केलं? कागद कुणी दिले ते शोधलं. संशय गेला नौदलाच्या एका लघुलेखकावर, जो पूर्वी दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीत काम करून गेला होता. पुढे 'प्लंबर' टोळीतल्या गॉर्डन लिडी यांनी स्वतःच लिहून ठेवलं की अँडरसन यांना ठार मारण्यावरही चर्चा झाली होती.

आता वॉटरगेट. 17 जून 1972 च्या पहाटे वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच घरफोडे पकडले गेले. झीग्लर म्हणाले, ही तिसऱ्या दर्जाची घरफोडी आहे, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. वुडवर्ड आणि बर्नस्टीन हे राजकीय बातमीदार नव्हते, शहर आवृत्तीचे होते. त्यांनी दारोदार फिरून, रात्री लोकांच्या घरी जाऊन बातम्या काढल्या. निक्सन यांच्या निवडणूक निधीसाठी दिलेला 25,000 डॉलरचा धनादेश एका घरफोड्याच्या बँक खात्यात जमा झाला होता, हे 1 ऑगस्टला छापलं. 10 ऑक्टोबरला छापलं की ही घरफोडी विरोधकांवरच्या मोठ्या हेरगिरीचा आणि घातपाताचा एक भाग आहे. 25 ऑक्टोबरला या कामांसाठीच्या गुप्त निधीची बातमी अध्यक्षांचे उजवे हात हाल्डेमन यांच्यापर्यंत नेली, आणि तिथे ते चुकले. साक्षीदाराने ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवायचे का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) हाल्डेमन यांचं नाव घेतलं असं त्यांनी लिहिलं, प्रत्यक्षात त्याला तो प्रश्नच विचारला गेला नव्हता. हाल्डेमन यांचा त्या पैशाशी संबंध होता, हे खरं होतं. पण एका तपशिलाच्या चुकीवर व्हाइट हाउस तुटून पडलं आणि बातमीच खोटी ठरवली. डेस्कवर बसणाऱ्या प्रत्येकाने हा दिवस लक्षात ठेवावा. मी अजून ठेवते.

7 नोव्हेंबरला निक्सन 50 पैकी 49 राज्यं जिंकून परत आले. पाच महिन्यांच्या बातम्यांचा मतदारांवर एवढाच परिणाम झाला होता. बहुतेक वृत्तपत्रांनी निक्सन यांनाच पाठिंबा दिला होता. बातमीच्या बळावर सरकार पडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी या निकालापाशी थोडं थांबावं.

त्यानंतरचा हिवाळा 'पोस्ट'साठी सगळ्यात कठीण गेला. निक्सन यांनी झीग्लरना बजावलं की 'पोस्ट'चा एकही बातमीदार व्हाइट हाउसमध्ये पाऊल ठेवता कामा नये, नाहीतर तुमची नोकरी जाईल. निक्सन यांच्या कार्यालयातलं बोलणं टेप होत असे, त्या टेपवर हे आहे. मेजवान्यांच्या बातम्या देणाऱ्या 'पोस्ट'च्या वयस्क महिला बातमीदारालाही आत घेणं बंद झालं. याहून वाईट पुढे होतं. 'पोस्ट'च्या मालकीची फ्लोरिडात दोन टीव्ही केंद्रं होती. त्यांच्या परवान्यांच्या नूतनीकरणाला आव्हान देणारे चार अर्ज दाखल झाले, आणि अर्जदारांत निक्सन यांच्या जवळची माणसं होती. कंपनीच्या शेअरचा भाव काही महिन्यांत निम्म्याहून खाली आला. सप्टेंबरमध्येच निक्सन म्हणाले होते की 'पोस्ट'ला याचा भयंकर त्रास होणार आहे, त्यांचं टीव्ही केंद्र आहे आणि त्यांना परवाना नवा करून घ्यायचाय. हेही टेपवर आहे. डिसेंबरमध्ये सरकारच्या दूरसंचार धोरण कार्यालयाचे प्रमुख क्ले व्हाइटहेड यांनी सुचवलं की वाहिनीच्या बातम्या पक्षपाती असतील तर त्यांचा जाब स्थानिक केंद्राला परवान्याच्या वेळी द्यावा लागावा. बदल्यात परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं. काठी आणि गाजर एकाच विधेयकात.

मालकीण कॅथरिन ग्रॅहम या दिवसांत डगमगल्या नाहीत. निक्सन यांच्या प्रचारसमितीने बातमीदारांच्या नोंदवह्या न्यायालयात मागवल्या तेव्हा त्या वह्या कायद्याने आपल्या ताब्यात आहेत असं ग्रॅहम यांनी जाहीर केलं, म्हणजे तुरुंगात जायची वेळ आली तर मालकीण जाईल. न्यायाधीशांनी पुढे ती मागणी फेटाळली. माझ्या पाहण्यात शूर बातमीदार खूप आले. असा मालक मी जवळून पाहिला नाही, आणि हे मला अजून सलतं.

हे सगळं होऊनही 'पोस्ट' एकटं असतं तर बातमी तिथेच विझली असती. 1973 च्या मार्चमध्ये एका घरफोड्याने, जेम्स मॅकॉर्डने, घरफोडीचा खटला चालवणारे न्यायाधीश जॉन सिरिका यांना पत्र लिहिलं: आमच्यावर गप्प राहण्यासाठी दबाव आला, साक्षी खोट्या झाल्या. मग मे महिन्यात सिनेटच्या समितीपुढे जाहीर साक्षी सुरू झाल्या. 16 जुलैला अलेक्झांडर बटरफील्ड यांनी समितीपुढे सांगितलं की अध्यक्षांच्या कार्यालयात सगळं बोलणं टेप होतं. ही गोष्ट कुठल्याच बातमीदाराने छापलेली नव्हती. टेप मागणारे खास सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांना ऑक्टोबरमध्ये काढलं, तो आदेश पाळण्याऐवजी ॲटर्नी जनरलनी, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखांनी, राजीनामा दिला. 24 जुलै 1974 ला सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 0 असा निकाल दिला: टेप द्या. निकाल देणाऱ्यांत निक्सन यांनीच नेमलेले न्यायमूर्ती होते. 9 ऑगस्टला निक्सन यांनी पद सोडलं. आणि वुडवर्डना अंधाऱ्या पार्किंगमध्ये भेटणारा तो निनावी माणूस 'एफबीआय'मधला दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी मार्क फेल्ट होता, हे 2005 मध्ये कळलं. तीस वर्षं बातमीदारांनी त्याचं नाव सांगितलं नाही.

आता 'आपल्याकडे'. आपल्याकडे झालेलं आहे. 31 ऑगस्ट 1981 ला 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानांना मिळालेल्या देणग्या आणि बिल्डरांना दिलेला सिमेंटचा कोटा यांचं नातं छापलं. विधानसभेत गदारोळ झाला, पण अंतुले खुर्चीवर राहिले. प. बा. सामंत आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. जानेवारी 1982 मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला आणि मग राजीनामा आला. बातमी, याचिका, निकाल. आणि सरकारच्या हातातली हत्यारंही तीच: कागदाचा कोटा घालून पानं मर्यादित करणारं केंद्राचं धोरण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं ते ऑक्टोबर 1972 मध्ये, 'पोस्ट'च्या त्या बातम्या छापून येत होत्या त्याच महिन्यात.

म्हणून पुढच्या वेळी तुम्ही विचारलंत की आपला एखादा बातमीदार असं का करत नाही, तर मी उलट विचारीन: त्याने छापल्यावर ती बातमी कोण उचलणार आहे? त्याला कागद देणाऱ्या अधिकाऱ्याला कोण सांभाळणार? जाहिराती बंद झाल्या तर मालक किती महिने टिकेल, आणि परवाना अडला तर? याची उत्तरं अमेरिकेतही आपोआप मिळाली नव्हती. गरफीन, ग्रॅहम, सिरिका, बटरफील्ड यांनी ती दिली, आणि यांतलं कुणीही बातमीदार नव्हतं.