साडेसातची मालिका, पावणेअकराला

मालिकेचा भाग चुकणं हा प्रकारच आता उरला नाही. पूर्वी ऐन साडेसातला वीज गेली की गेली. दुसऱ्या दिवशी पापड वाळत घालताना शेजारीण काय घडलं ते सांगायची, तेही पदरचं थोडं घालून. (मूळ भागापेक्षा ते बरेचदा सरस असायचं.) आता झी मराठीचा भाग झी फाइव्हवर आणि स्टार प्रवाहचा जिओहॉटस्टारवर असतो. प्रसार भारतीचं, म्हणजे दूरदर्शनवाल्यांचं वेव्हज हे ॲपही २० नोव्हेंबर २०२४ला गोव्यात, इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. भांडी आवरून पावणेअकराला लावा, भाग जागेवर.

तरी साडेसात काही पुरते हटलेले नाहीत. नियमानुसार टीव्हीवर तासाला १२ मिनिटं जाहिराती चालतात, त्यामुळे अर्ध्या तासात मालिका उरते बावीस-चोवीस मिनिटं, आणि ॲपवरही तेवढीच येते. ब्रेकआधी सासूबाईंचा चेहरा तीनदा जवळ येऊन ढोल वाजतो. ॲपवर तिथे ब्रेक नसला, तरी ढोल वाजतोच. चार भाग सलग पाहिले की काल पडलेला ताम्हण आज पुन्हा पडतो. टीव्हीवर त्या दोन पडण्यांत एक अख्खा दिवस असायचा, इथे जेमतेम दहा सेकंद.

सुरुवातीला चित्र धूसर दिसतं, म्हणून लगेच रिमोट आपटू नये. भागाचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत तयार ठेवलेला असतो. नेटचा वेग कळेपर्यंत ॲप हलका तुकडा मागवतं, मग हळूहळू चढतं. ४८०पीला, म्हणजे साध्या दर्जाला, सेकंदाला साधारण एक मेगाबिट धरलं, तर २२ मिनिटांना १६५ एमबी लागतात (आठ मेगाबिटांचा एक एमबी). १०८०पीला, म्हणजे फुल एचडीला, पाच मेगाबिट धरले, तर सव्वाआठशे. म्हणजे रोजच्या दीड जीबीत पहिल्या हिशोबाने नऊ भाग बसतात, दुसऱ्याने दोनही नाहीत. मोबाइल डेटावर 'ऑटो' सोडून दर्जा हाताने ठरवावा तो यासाठी.

मालिका धूसर आणि मधली जाहिरात मात्र लख्ख, हा अनुभव सगळ्यांचा. त्यात कुणाचं कारस्थान नाही. जाहिरात बहुधा वेगळ्या सर्व्हरवरून, वेगळ्या फाइलीतून येते. म्हणूनच फोनमध्ये जाहिराती अडवणारा प्रायव्हेट डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) लावला असेल, तर जाहिरात येत नाही आणि तिच्या वाटेकडे डोळे लावून मालिकाही थांबते. गोल फिरत राहतं, शिव्या मात्र वायफायला. वायफायचा दोष असतो तोही बहुधा २.४ गिगाहर्ट्झ या त्याच्या जुन्या पट्ट्यातल्या गर्दीचा. टीव्ही राउटरजवळ असेल तर वायफायच्या यादीतलं ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचं नाव निवडावं, नाहीतर सरळ लॅन केबल लावावी.

डाउनलोड केलेला भाग प्रवासात उघडत नाही, तेव्हा फाइल बिघडलेली नसते, नक्कल होऊ नये म्हणून ॲपने तिला लावलेल्या कुलपाची मुदत संपलेली असते. घरून निघताना एकदा नेट चालू ठेवून भाग उघडून पाहावा. फोनची तारीख चुकली असली तरी कुलूप हटून बसतं, आणि पडद्यावर नुसतं 'काहीतरी चुकलं' एवढंच येतं.

थेट प्रक्षेपणाचं आणखी निराळं. चित्र आवळायचं, तुकडे पाडायचे, ते गावोगावच्या सर्व्हरवर ठेवायचे आणि खेळवण्याआधी दोन-तीन तुकडे हाताशी राखायचे, यात अर्धा मिनिट सहज मागे पडतं. शेजारच्या डिशवर विकेट पडून आरडाओरडा होतो, तेव्हा आपल्याकडे गोलंदाज अजून चेंडू पुसत असतो.

आणि मालिकेत याच्या बरोब्बर उलट! काही मालिकांचा भाग पैसे भरणाऱ्यांना टीव्हीच्या आधीच मिळतो. घरातल्या ज्याने तो सकाळीच पाहिलेला असतो, त्याने साडेसातला सगळ्यांबरोबर बसून, ताम्हण पडायच्या आधी, तोंड मिटून राहायचं.