पद्मिनीची रबरं: जुनं पाकीट की नवा माल?

आमची प्रीमियर पद्मिनी १९७४ची. कुर्ल्याच्या कारखान्यातून त्याच वर्षी या नावानं गाडी निघायला लागली. बाबांनी ती जिवापाड जपली, म्हणून माझाही हट्ट होता की तिच्या अंगावर लागेल ते ओरिजिनलच.

दोन पावसाळ्यांपूर्वी वाईला जाताना पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकायला लागलं. वाईत उतरलो तेव्हा आईच्या साडीचा काठ चिंब झाला होता. घरी येऊन मॅटिंग उचललं, तर खालचा पत्रा इतका सडलेला की स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. पत्र्याचं काम झालं, पण रबरं बदलल्याशिवाय त्याचा उपयोग नव्हता.

नाना पेठेतल्या एका दुकानदारानं माळ्यावरून पुढच्या काचेच्या रबराचं पाकीट काढून दिलं. कंपनीचं लेबल, सील शाबूत, रबरावर शंखजिऱ्याची पूड अजून तशीच. नव्याच्या तिप्पट किंमत मी आनंदानं मोजली. काच बसवणारे काका म्हणाले, "दादा, जरा वाकवून बघा." वाकवलं, तर बाहेरच्या अंगाला केसासारख्या चिरा उमटल्या. तरी म्हटलं, बसवाच.

काचेला रबर चढवून त्याच्या आतल्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवतात आणि सगळीकडे साबणाचं पाणी लावतात. एकजण बाहेरून तळव्यानं काच दाबतो, दुसरा आतून दोरी हळूहळू ओढतो. दोरी निघत जाते तशी रबराची कड पत्र्यावर उलटून बसते. आमची दोरी वरच्या उजव्या कोपऱ्यात आली आणि कड टरकन फाटली. काका एवढंच म्हणाले, "पाकीट फोडलं नाही म्हणून रबराचं वय थांबतं का?"

खरंच आहे ते. नैसर्गिक रबराला हवेतला ओझोन आणि ऑक्सिजन खातो, आणि ते माळ्यावर पडूनही कडक होतं. हल्ली काचेची आणि दाराची रबरं ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची करतात, ती ऊनपावसाला कितीतरी जास्त टिकतात. काचेला मग नवंच घेतलं आणि ते पहिल्या फटक्यात बसलं.

म्हणून दारांचं बीडिंगही, म्हणजे दाराच्या कडेनं फिरणारं रबर, नवीन आणलं, तर दारंच लागेनात. आपटून लावली तरी अर्ध्या लॉकवर अडकत. ते बीडिंग भरीव होतं. जुनं आतून स्पंजासारखं असायचं, दाबलं की चपटं व्हायचं. मिस्त्री लॉकची पट्टी सरकवायला निघाले होते, त्यांना थांबवलं. दाराच्या बिजागरीजवळ, जिथे ऊन लागत नाही, तिथे जुन्या बीडिंगचा एक चांगला तुकडा सापडला. ब्लेडनं तो आडवा कापला, कापलेला भाग स्टॅम्पच्या शाईत बुडवला आणि आलेख कागदावर ठसा घेतला. ठसा आणि तुकडा घेऊन भोसरीतल्या रबराच्या एका कारखान्यात गेलो. एका गाडीपुरता माल कोण काढणार! आणखी चार पद्मिनीवाले गोळा केले, तेव्हा डायचा, म्हणजे रबराला आकार देणाऱ्या साच्याचा, खर्च वाटला गेला. आता दार बोटानं ढकललं तरी लागतं.

ब्रेकच्या वॉशरबाबत, म्हणजे ब्रेक सिलिंडरमधल्या रबरी कपांबाबत, मात्र मी कुणाचंच ऐकत नाही. जुन्या स्टॉकचा वॉशर फुकट मिळाला तरी लावू नका. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि सिलिंडरमधला एक कप फाटला की पेडल खाली जातं. नवे कपही ब्रेक ऑइलनंच धुवा. पेट्रोल किंवा ग्रीस लागलं की ते फुगतात. पेट्रोलचा पाइपही बदलला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून इथेनॉलला टिकणाराच घेतला.

एकच रबर मूळ गाडीबरोबर आलेलं राहिलंय, डावीकडच्या तिकोनी काचेचं. त्याचा आकार इतका वाकडातिकडा आहे की बाजारातलं एकही नीट बसलं नाही. ते साबणाच्या पाण्यानं धुऊन, ग्लिसरीन चोळून परत लावलं.

गेल्या रविवारी आत वर्तमानपत्रं पसरली आणि अर्धा तास बाहेरून पाइपनं पाणी मारलं. सगळे कागद कोरडे निघाले, फक्त त्या तिकोनी काचेखालचा बोटभर ओला. उन्हाळ्यात त्या रबराचा ठसा घेऊन पुन्हा भोसरीला जायचं आहे.